हार्डडिस्कची शेपटी कुणाची? लपवलेल्या राखीव जागेशी ऑपरेटिंग सिस्टीमने कसं वागावं

तबकडी (धागाकर्ता)

आधी घडलं ते सांगतो, मग प्रश्न.

माझ्याकडे ३०० जीबीच्या दोन जुन्या डिस्क आहेत, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये एकमेकींचा आरसा म्हणून लावलेल्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. पार्टिशन नाहीत, अख्खी डिस्कच रेडला दिलेली. मेटाडेटा, म्हणजे रेडची स्वतःची नोंद (सुपरब्लॉक), १.० प्रकारचा, म्हणजे डिस्कच्या अगदी टोकाला बसणारा. वडिलांच्या हस्तलिखित वह्यांची स्कॅन आणि घरचे सगळे फोटो त्यावर आहेत. गेल्या आठवड्यात मदरबोर्ड गेला. हाताशी असलेला दुसरा बोर्ड लावला, मशीन सुरू केलं, आणि रेड उभा राहीना. एक डिस्क सदस्य म्हणून ओळखली गेली आणि जोडीदाराची वाट बघत बसली. दुसरीवर सुपरब्लॉकच नाही, असं उत्तर.

डिस्क गेली म्हणावं तर स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीचा, अहवाल स्वच्छ. शेवटी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग ओळ न् ओळ वाचला तेव्हा उलगडा झाला. एचपीए, म्हणजे डिस्कच्या शेवटी झाकून ठेवलेली राखीव जागा, सापडल्याची नोंद होती: सध्याचे सेक्टर ५८,६०,७०,२५५, मूळ सेक्टर ५८,६०,७२,३६८. म्हणजे २,११३ सेक्टर कमी, १०,८१,८५६ बाइट. या नव्या बोर्डाला बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामची, एक प्रत डिस्कवर ठेवायची सवय आहे. पहिल्या पोर्टवर जी डिस्क दिसली तिच्या शेवटचा तुकडा त्याने स्वतःसाठी राखला आणि डिस्कला सांगितलं की आजपासून तुझा आकार एवढाच. मला एका शब्दाने विचारलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. डिस्क माझी, तिच्यावरचा प्रत्येक सेक्टर माझा. ऑपरेटिंग सिस्टीमने सुरू होतानाच असली कुंपणं काढून पूर्ण डिस्क माझ्या हवाली करावी. लिनक्समध्ये लिबएटीएला (डिस्कशी बोलणाऱ्या कर्नलच्या भागाला) इग्नोअर_एचपीए हा पर्याय आहे, पण मुळात तो ० असतो, म्हणजे बायोसने घातलेली मर्यादा पाळली जाते. तो १ असायला हवा होता असं मला ठाम वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

जुना_कर्नल

तबकडी, चर्चा नंतर. आधी एक ऐका: त्या दोन्ही डिस्कवर आता काहीही लिहू नका. रेड जबरदस्तीने उभा करू नका, फाइल सिस्टीम तपासणी चालवू नका. शक्य असेल तर दोन्हींची सेक्टरनिहाय प्रत काढा. बोर्डाने नुसता आकार कमी केला नसणार, त्या जागेत काहीतरी लिहिलंही असणार.

आता तुमच्या मुद्द्याकडे. तुम्ही मागताय ते लिनक्सने एके काळी केलेलं आहे, आणि त्यामागे चांगलं कारण होतं. ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क जोडली की काही जुने बायोस तिथेच अडकून पडत. म्हणून डिस्क बनवणाऱ्यांनी एक जम्पर दिला. तो लावला की डिस्क स्वतःचा आकार कमी सांगायची, बायोस पुढे सरकायचा. पण मग उरलेली जागा वापरायची कशी? लिनक्सच्या जुन्या आयडीई ड्रायव्हरने डिस्कला तिचा मूळ आकार विचारून मर्यादा उठवायची सोय केली. त्या काळात लपलेली जागा म्हणजे बहुतेकदा बायोसच्या अपंगत्वामुळे वाया गेलेली जागा. ती उघडणं हे वापरणाऱ्यावर उपकारच होते.

पण एटीए-४ मध्ये, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या एटीए प्रमाणाच्या चौथ्या आवृत्तीत, होस्ट प्रोटेक्टेड एरिया (एचपीए) आला तो वेगळ्या हेतूने. दोन कमांड आहेत. एक डिस्कला विचारते, तुझा खरा शेवटचा पत्ता कोणता. दुसरी सांगते, इथून पुढे कुणाला काही दाखवू नकोस. दुसरीत एक बिट असतो, त्यावरून ठरतं की मर्यादा वीज जाईपर्यंतच टिकणार की कायमची डिस्कवर नोंदली जाणार. पुढे पासवर्ड, कुलूप, गोठवणं हेही आलं. म्हणजे नंतरच्या काळात लपलेली जागा ही कुणीतरी मुद्दाम, काही ठेवण्यासाठी राखलेली जागा असू शकते. लिबएटीए आला तेव्हा पवित्रा बदलला: मुळात हात लावायचा नाही, नोंद मात्र करायची.

कमांड तीच, अर्थ मात्र दोन, आणि कर्नलला कमांडच दिसते. सगळ्या वादाचं मूळ मला इथे वाटतं.

सोल्डर

मी दुरुस्तीचं काम करतो आणि तबकडींच्या मताशी पूर्ण असहमत आहे. कारण सांगतो.

लॅपटॉपमध्ये मूळ सिस्टीम परत बसवायची सामग्री एचपीएमध्ये ठेवायची पद्धत होती. त्यासाठी पार्टीज नावाचं प्रमाणही होतं: डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये बीअर नावाची नोंद, आणि ती सांगणार की राखीव भागात कुठे काय आहे. आयबीएमच्या थिंकपॅडमध्ये बायोसच्या पडद्यावर प्रीडेस्कटॉप एरिया नावाची सेटिंगच होती, तो भाग कुलूपबंद ठेवायचा की नाही ते तिथे ठरायचं.

माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता. मालकाने लिनक्स बसवलं, त्या वितरणाने एचपीए आपोआप उघडला, इन्स्टॉलरला डिस्क मोठी दिसली, त्याने शेवटच्या सेक्टरपर्यंत पार्टिशन केलं. रिकव्हरी गेली ती गेलीच. पण खरा त्रास पुढे झाला. काही महिन्यांनी बायोसची सेटिंग मूळपदावर आली आणि त्याने पुन्हा दर वेळी डिस्क आखूड करायला सुरुवात केली. त्याच सुमाराला मालकाने दुसऱ्या वितरणाचा कर्नल टाकला, तो एचपीए पाळणारा. होम पार्टिशनचं टोक डिस्कबाहेर गेलं, माउंट होईना. माणूस हवालदिल झाला होता. तीन दिवस मी फक्त एवढंच शोधत होतो की डिस्कचे काही जीबी जातात कुठे.

उघडलेल्या जागेवर एकदा डेटा बसला की ती पुढे कायम उघडीच राहिली पाहिजे. बायोस बदलो, कर्नल बदलो, डिस्क यूएसबीच्या डबीत घालो. ही हमी कोण देणार? आणि डबीचा विषय निघालाच आहे तर, कित्येक यूएसबी-साटा ब्रिज (डबीतली जोडणारी चिप) या कमांड डिस्कपर्यंत पोचवतच नाहीत. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमची कितीही इच्छा असली तरी उपयोग नाही.

तबकडी

सोल्डर, तुमचा अनुभव वाचून थोडा थांबलो. पण माझ्या बाबतीत उलट आहे ना? डेटा आधी होता, कुंपण नंतर आलं. तुमच्या लॅपटॉपमध्ये कुंपण आधी, डेटा नंतर. कर्नलला हा क्रम कळायला काही मार्ग आहे का?

जुना_कर्नल

काही प्रमाणात आहे, आणि २०१० मध्ये २.६.३५ कर्नलमध्ये नेमकं तेच आलं. पार्टिशन टेबल वाचताना एखादं पार्टिशन डिस्कच्या सांगितलेल्या शेवटाच्या पलीकडे जात असेल, तर कर्नल म्हणतो: अर्थात ही डिस्क पूर्वी मोठी होती. मग तो त्या डिस्कपुरती मर्यादा तात्पुरती उठवतो आणि टेबल पुन्हा वाचतो. लॉगमध्ये तशी ओळ येते. पार्टिशन मर्यादेच्या आत असतील तर हात लावत नाही. रिकव्हरीही वाचते, डेटाही. इतक्या वर्षांत या प्रश्नावर निघालेलं हे मला सर्वांत शहाणं उत्तर वाटतं, कारण पुरावा डिस्कवरूनच घेतलेला आहे.

तुमचं दुर्दैव हे की तुमच्याकडे पार्टिशन टेबलच नाही. अख्खी डिस्क रेडला दिलेली, त्यामुळे कर्नलला तुलना करायला काही मिळालं नाही. सुपरब्लॉक वाचला असता तर आकार कळला असता, पण सुपरब्लॉक नेमका लपलेल्या भागात.

आणि अशा गोष्टी डिस्कच्या शेवटी ठेवायची सवय फक्त रेडची नाही. जीपीटी या पार्टिशन टेबलची राखीव प्रत शेवटच्या ३३ सेक्टरमध्ये असते. झेडएफएस ही फाइल सिस्टीम चार लेबलं ठेवते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीच्या डिस्कवरच्या विंडोजच्या डायनॅमिक डिस्कची नोंदवही शेवटच्या १ एमबीमध्ये. मदरबोर्डवरचे बायोस-रेड तर बहुतेक सगळे शेवटीच नोंद ठेवतात, आणि त्यातही एक मेख आहे: एचपीए असताना बायोसला डिस्कचा जो शेवट दिसतो, त्याच्या हिशोबाने ते नोंद ठेवतात. कर्नलने एचपीए उघडला की ‘शेवट’ पुढे सरकतो आणि नोंद सापडत नाही. म्हणजे न उघडल्याने तुमचा रेड हरवला, आणि उघडल्याने दुसऱ्या कुणाचा हरवतो.

नवखी

वाचतेय आणि खूप शिकतेय. एक साधा प्रश्न विचारते, माझ्या मशीनवर असं काही आहे का हे बघायचं कसं? आणि बघण्याने काही बिघडणार नाही ना?

जुना_कर्नल

नवखी, बघण्याने काही बिघडत नाही. सोपा मार्ग म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये ‘एचपीए’ शोधा. दुसरा मार्ग एचडीपार्म हा डिस्कच्या सेटिंगचा लिनक्समधला प्रोग्राम: त्याला -एन पर्याय आणि डिस्कचं नाव द्या, पुढे काहीही नको. तो दोन आकडे दाखवतो, सध्याचे सेक्टर आणि मूळ सेक्टर. दोन्ही सारखे असतील तर एचपीए लावलेला नाही.

मात्र -एनच्या पुढे आकडा लिहिला की ते बघणं राहत नाही, बदलणं होतं. आकड्याआधी पी जोडला तर बदल कायमचा. आणि कायमचा बदल एकदा वीज चालू केल्यापासून एकदाच करता येतो, चुकला तर वीज बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्त होत नाही. फ्रीबीएसडीवर असाल तर कॅमकंट्रोलला एचपीएची उपकमांड आहे.

तुमची डिस्क एनव्हीएमई (साटापेक्षा वेगळ्या पद्धतीने जोडली जाणारी एसएसडी) असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे एचपीए नाही, नेमस्पेस (साठ्याचे वेगवेगळे हिस्से) असतात, आणि किती क्षमता कुठल्याही नेमस्पेसला न देता ठेवली आहे ते कंट्रोलर थेट सांगतो.

मागमूस

डेटा पुसणं आणि तपासणी हे माझं काम. इथे अजून कुणी तिसरी बाजू मांडली नाही, म्हणून लिहितो.

डिस्क दुसऱ्याला देण्याआधी लोक ती शून्यांनी भरतात आणि निर्धास्त होतात. ते शून्य फक्त दिसणाऱ्या सेक्टरपर्यंत पोचतात. एचपीएमध्ये जे होतं ते जसंच्या तसं राहतं. कार्यालयातून निघालेली एक डिस्क माझ्याकडे ‘पुसलेली’ म्हणून आली होती, आणि मर्यादा उठवल्यावर मागे एक अख्खी जुनी सिस्टीम प्रतिमा निघाली, वापरकर्त्यांच्या नावांसकट. ज्याने पुसली त्याने प्रामाणिकपणे पुसली होती. त्याला त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमने सांगितलंच नव्हतं की अजून जागा शिल्लक आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेच्या ८००-८८ या डेटा पुसण्याच्या मार्गदर्शिकेत अशा लपलेल्या भागांचा विचार करायला सांगितलंय ते याचमुळे.

याच्या पुढे डीसीओ आहे, डिव्हाइस कॉन्फिगरेशन ओव्हरले. तो एटीए-६ मध्ये आला. वेगवेगळ्या क्षमतेच्या डिस्क एकाच आकाराच्या दिसाव्यात म्हणून संगणक बनवणारे तो वापरत. त्याने काही सुविधाही बंद करता येतात, अगदी एचपीएची सुविधासुद्धा. आणि तुम्ही वर ज्याला ‘मूळ’ आकार म्हणताय, तो आकडासुद्धा डीसीओने कमी केलेला असू शकतो. एचपीए उठवला, दोन्ही आकडे जुळले, तरी त्यापलीकडे जागा असू शकते. डीसीओ काढायचा तर आधी एचपीए काढावा लागतो, नाहीतर डिस्क कमांड नाकारते. एचडीपार्ममध्ये डीसीओ बघण्याची सोय आहे ती निर्धोक. मूळपदावर आणण्याचीही आहे, पण ती अतिधोकादायक म्हणून नोंदलेली आहे आणि ते खरंच आहे.

त्याच्याही खाली डिस्कचा स्वतःचा सर्व्हिस एरिया. फर्मवेअरचे भाग, खराब सेक्टरच्या याद्या तिथे असतात. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या पत्त्यांमध्ये येतच नाही, त्याबद्दल तिने काही करावं ही अपेक्षाच चूक.

उघडावं की नाही, हा वाद माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. सांगावं ही मागणी पहिली. डिस्कचा आकार जिथे जिथे माणसाला दाखवला जातो, तिथे ‘एवढी दिसते, एवढी झाकलेली आहे’ असं लिहिलेलं हवं. इन्स्टॉलरमध्ये हवं, डिस्क पुसणाऱ्या साधनात तर हवंच हवं. विंडोज सांगितलेला आकार मान्य करून पुढे जातं, लिनक्स लॉगमध्ये एक ओळ टाकतं. सामान्य माणूस लॉग वाचत नाही, आणि त्याने का वाचावा?

सोल्डर

मागमूस, शंभर टक्के सहमत. त्या लॅपटॉपच्या मालकाला इन्स्टॉलरने एका वाक्यात विचारलं असतं तर माझे तीन दिवस आणि त्याची झोप दोन्ही वाचलं असतं.

मध्यरात्र

सगळे फक्त सुरू होतानाचं बोलताहेत. झोपेतून उठतानाचं बघा.

कर्नलने मर्यादा तात्पुरती उठवली. लॅपटॉप झोपला, डिस्कची वीज गेली. उठला की तात्पुरता बदल गेलेला असतो, आणि वर बायोसही आपली मर्यादा पुन्हा घालू शकतो. कर्नलच्या मते डिस्क मोठी, डिस्क म्हणते मी लहान. फाइल सिस्टीम माउंट असताना, फाइली उघड्या असताना. अशा वेळी ‘ही वेगळीच डिस्क आहे’ असं ठरवून तिला काढून टाकलं तर न लिहिलेला डेटा गेला.

लिबएटीएमध्ये याचा खास विचार केलाय. सेक्टरची संख्या बदललेली दिसली तर तो आधी बघतो की मूळ आकार तोच आहे का. तोच असेल तर ‘उशिरा पडलेलं एचपीए कुलूप’ असा निष्कर्ष काढून पुन्हा उघडायचा प्रयत्न करतो. उलटंही होतं, झोपेनंतर डिस्क अचानक मोठी झालेली, तेही तो ओळखतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लॉगमध्ये ही ओळ दर सकाळी यायची. ज्याने तो कोड लिहिला त्याच्यामुळे माझा डेटा वाचत होता हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं.

म्हणून जो कुणी ‘सरसकट उघडा’ म्हणतो त्याने हेही लक्षात घ्यावं: मशीन चालू आहे तोवर उघडं ठेवण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते.

पेशी

एसएसडीवाल्यांच्या बाजूने थोडं. एचपीए मी स्वतः, माझ्या हाताने लावलेला आहे. साटा एसएसडीच्या क्षमतेपैकी काही टक्के कायमचे झाकून ठेवले. कंट्रोलरला लिखाण फिरवत ठेवायला मोकळे ब्लॉक मिळतात, भरलेली असतानाही वेग टिकतो. (एसएसडीच्या आत झाकलेली जागा आधीच असते. चिप मोजायच्या दोनच्या घातांकात आणि विकायच्या दहाच्या घातांकात, एवढ्यानेच सातेक टक्के निघतात.)

उद्या एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमने सौजन्य म्हणून ते कुंपण काढलं आणि एखाद्या साधनाने शेवटपर्यंत पार्टिशन वाढवलं, तर माझं काम तिने मोडलं. इथे मर्यादा घालणारा बायोस नाही, मी आहे. कर्नलला तो फरक दिसत नाही, जुना_कर्नल यांनी म्हटलं तसंच.

सुईधागा

वाचत वाचत आलो आणि एक गोष्ट सुचली, ती मांडतो. तिचा नमुना आधीच आपल्या खिशात आहे.

फोनमधल्या ईएमएमसी या साठवणीच्या चिपमध्ये मुख्य साठ्याशिवाय दोन बूट भाग असतात, फर्मवेअर ठेवायला. लिनक्स ते लपवतही नाही आणि मुख्य साठ्याला जोडूनही देत नाही. ते स्वतंत्र उपकरणं म्हणून दाखवतो, मागे बूट० आणि बूट१ असं नाव जोडून, आणि मुळात फक्त वाचण्यापुरते. लिहायचंच असेल तर सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग जिथे फाइलींसारखी दिसतात तिथे) फोर्स_आरओ नावाच्या फाइलमध्ये मुद्दाम ० लिहावा लागतो. चुकून काही होत नाही, ठरवून सगळं करता येतं.

एचपीएचं असंच का करू नये? डिस्क ओळखताना कर्नलने मर्यादा तात्पुरती उठवावी. पण मुख्य डिस्कचा आकार बायोसने सांगितला तेवढाच ठेवावा. झाकलेली शेपटी वेगळं उपकरण म्हणून दाखवावी, फक्त वाचण्यापुरती. मग काय होईल बघा. इन्स्टॉलर मुख्य डिस्कच वापरेल, सोल्डर यांची रिकव्हरी वाचेल. पुसणाऱ्या साधनाला शेपटी दिसेल, मागमूस यांचं समाधान. पेशी यांच्या एसएसडीवर कुणी चुकून पार्टिशन वाढवणार नाही. आणि तबकडींच्या रेडच्या साधनाला शेपटीत सुपरब्लॉक सापडेल आणि ते म्हणू शकेल: या डिस्कचा शेवट झाकला गेलाय, पुढे काय करू? आज हेच हाताने करता येतं, इग्नोअर_एचपीए लावून वर डीएम-लिनिअरने (डिस्कचा तुकडा वेगळं उपकरण म्हणून दाखवणारी कर्नलची सोय) दोन तुकडे करून. मी जुन्या डिस्कवर करून बघितलं, चालतं.

जुना_कर्नल

कल्पना मनापासून आवडली. अडचणी सांगतो, मोडता घालायचा म्हणून नाही.

ईएमएमसीचे बूट भाग हार्डवेअरमध्येच वेगळे आहेत. एटीए डिस्कमध्ये शेपटी वेगळी नसते. मर्यादा उठवली की ती अख्ख्या डिस्कची उठते, आणि वेगळेपण फक्त कर्नलच्या वागण्यात उरतं. मुख्य डिस्कला थेट एटीए कमांड पाठवणारं साधन ती भिंत ओलांडू शकतं. शिवाय काही डिस्क या कमांडनाच चुकीचं उत्तर देतात किंवा अडखळतात, त्यांची वेगळी नोंद लिबएटीएला ठेवावी लागलेली आहे. आज मर्यादा उठवण्याची कमांड क्वचित जाते, तुमच्या पद्धतीत एचपीए असलेल्या प्रत्येक डिस्कला प्रत्येक वेळी जाईल. तिसरं, बायोसने गोठवण्याची कमांड आधीच दिली असेल तर मर्यादा उठणारच नाही. तिथे कर्नलने ‘आहे, पण उघडता येत नाही’ एवढं तरी स्पष्ट सांगावं.

आणि एसीएस-३ या एटीएच्या नंतरच्या आवृत्तीपासून जुना एचपीए आणि डीसीओ दोन्ही प्रमाणातून निवृत्त झालेत. त्यांच्या जागी एकच यंत्रणा आली, ॲक्सेसिबल मॅक्स ॲड्रेस. मूळ आकार विचारा, दिसणारा आकार ठरवा, गोठवा, एवढ्या तीन कमांड. एकावर एक थर नाहीत, त्यामुळे मागमूस म्हणतात तो ‘मूळ’ आकड्याचा घोळ तरी मिटतो. पण ‘ही जागा कोणी, कशासाठी राखली’ हे लिहायची सोय तिथेही नाही. बीअरच्या नोंदीत निदान तो प्रयत्न होता.

पेशी

म्हणजे निर्णय शेवटी माणसाकडेच यायला हवा, आणि माणसाला माहिती मिळायला हवी. सुईधागा यांची पद्धत आली तर मी माझं कुंपण आनंदाने तिच्यावर सोपवेन.

तबकडी (धागाकर्ता)

चार दिवसांनी परत आलो, माफ करा. आधी दोन्ही डिस्कच्या प्रती काढल्या, त्यात वेळ गेला. आता जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण त्याने माझं मत बदललं.

रेड आपोआप उभा राहणं बंद केलं, मग इग्नोअर_एचपीए १ करून मशीन सुरू केलं. दोन्ही डिस्कचे शेवटचे २,११३ सेक्टर फाइलींमध्ये कापून घेतले आणि एकमेकांशी ताडून पाहिले. बोर्डाने लपवलेल्या भागाच्या अगदी सुरुवातीपासून २,०४८ सेक्टर, म्हणजे नेमका १ एमबी, स्वतःची प्रत लिहिलेली आहे. त्यानंतरचे ६५ सेक्टर दोन्ही डिस्कवर सारखे, सुपरब्लॉकमधली प्रत्येक डिस्कची स्वतःची ओळख तेवढी वेगळी. आणि सुपरब्लॉक असतो सेक्टर ५८,६०,७२,३५२ वर, म्हणजे त्या ६५ मध्ये. तो पूर्ण शाबूत. दोन्हीकडचा इव्हेंट काउंटही (रेडमधल्या बदलांचा मोजणी-आकडा) सारखा, कारण जुना बोर्ड जाण्याआधी मशीन नीट बंद केलेलं होतं. बिटमॅप, म्हणजे कुठे लिखाण चालू आहे त्याची रेडची नोंद, मी ठेवलेला नव्हता.

याचा अर्थ लक्षात आला तेव्हा अंगावर काटा आला. मी पहिल्या पोस्टमध्ये मागितलं तसं कर्नलने गुपचूप पूर्ण डिस्क उघडली असती, तर सुपरब्लॉक सापडला असता, काउंट जुळले असते, आणि रेडने दोन्ही डिस्क निरोगी जोडी म्हणून स्वीकारल्या असत्या. एकही इशारा न देता. एका डिस्कवर माझा डेटा, दुसरीवर त्याच जागी बायोसची प्रत. आरशातला वाचणारा कधी ही डिस्क वाचतो, कधी ती. फाइल सिस्टीमच्या शेवटच्या दोनशेहून जास्त ब्लॉकमध्ये काय आहे ते शोधलं: वडिलांच्या दोन वह्यांच्या स्कॅन फाइली. आज उघडल्या तर नीट, उद्या उघडल्या तर अर्ध्या कचरा. आणि मी एखाद्या दिवशी त्या कॉपी केल्या असत्या, कचऱ्यासकट, आणि जुन्या पुसल्या असत्या.

रेड अडून बसला म्हणून मला कळलं. त्या अडण्यावर मी चिडलो होतो.

आता केलं ते असं. शाबूत डिस्क एकटीच फक्त वाचण्यापुरती उभी करून सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं. दोन्ही वह्या पानन् पान तपासल्या, सगळी पानं आहेत. बोर्डाच्या बायोसमध्ये ही प्रत ठेवणं बंद करायची सोय सापडली नाही, म्हणून पहिल्या पोर्टवर एक छोटी जुनी एसएसडी लावली, त्याला काय ठेवायचं ते तिथे ठेवू दे. मग बिघडलेल्या डिस्कचा एचपीए कायमचा काढला. नवा रेड पार्टिशनवर करतोय, मेटाडेटा १.२, म्हणजे नोंद सुरुवातीला, आणि शेवटी १०० एमबी कुणालाच न देता मोकळे सोडलेत. पार्टिशन टेबल असल्यामुळे पुढच्या वेळी कर्नलकडेही पुरावा असेल.

सुईधागा, तुमची शेपटीची कल्पना नीट मांडून कर्नलच्या संबंधित मेलिंग यादीवर पाठवणार असाल तर माझे दोन्ही तुकडे आणि लॉग देतो. शेपटीत सुपरब्लॉक सापडला तरी त्याआधीच्या जागेवर आंधळा विश्वास टाकायचा नाही, हे त्यात उदाहरणासकट दाखवता येईल.

सुईधागा

नक्की पाठवा. आणि तुमच्या उदाहरणामुळे माझ्या प्रस्तावात एक बदल करतोय: सुपरब्लॉक शेपटीत सापडला तर रेडच्या साधनाने ती डिस्क ‘निरोगी’ न मानता ‘संशयित’ मानावी, आणि दोन्ही प्रती ताडून झाल्याशिवाय जोडीत घेऊ नये.

नवखी

मी बघितलं. एका जुन्या साटा डिस्कवर दोन आकडे वेगळे आले, फरक बरोबर २,११३. ती डिस्क मी पुढच्या आठवड्यात पुसून कुणाला तरी देणार होते. मागमूस, आधी काय करू?

मागमूस

आधी त्या २,११३ सेक्टरची प्रत काढून बघा आत काय आहे. मग डीसीओ फक्त बघा, बदलू नका, आणि त्याने सांगितलेला आकडा इथे लिहा. पुसण्याचं त्यानंतर बोलू.

तबकडी (धागाकर्ता)

नवखी, आणि ती डिस्क आधी कुठल्या रेडमध्ये किंवा जोडीत होती का तेही आठवून बघा. माझं सिंक ४१ टक्क्यांवर आहे.